व्यवसायासाठी दूरसंचार तज्ज्ञ नेमताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दूरध्वनी, इंटरनेट आणि अंतर्गत जाळे यांची व्यवस्था पाहण्यासाठी माणूस कसा निवडावा, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे दिलेली नाहीत. गावाचा आणि व्यवसायाचा उल्लेख मात्र ठेवला आहे, कारण कारखान्याला लागणारा माणूस आणि रुग्णालयाला लागणारा माणूस एकच असेल असे नाही.

प्रश्न : चाकणला आमचा वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना असून दुसरे छोटे युनिट नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आहे. दोन्हीकडे मिळून ऐंशी एक्स्टेंशन आहेत. जुने ईपीएबीएक्स (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) बदलायचे आहे. व्हेंडरचे म्हणणे असे की, आता पूर्ण वेळ टेलिकॉम इंजिनिअर ठेवल्याशिवाय चालणार नाही, आणि त्यासाठी त्याने एक नावही सुचवले आहे. आम्ही माणूस पगारावर ठेवावा की कंत्राटावर?

उत्तर : आपल्या पत्रात माणसाचा विचार आधी आला आहे आणि कामाचा नंतर. हा क्रम आपण उलटा करावा, अशी माझी पहिली विनंती आहे. दूरसंचार तज्ज्ञ या एका नावाखाली बाजारात निदान चार प्रकारची माणसे भेटतात. पहिला केबल ओढतो आणि फायबरचे स्प्लायसिंग, म्हणजे तुकड्यांची जोडणी, करतो. दुसरा ईपीएबीएक्स आणि आयपी फोन (संगणकाच्या जाळ्यावर चालणारे फोन) यांचे प्रोग्रॅमिंग करतो. तिसरा राउटर, स्विच आणि फायरवॉल ही संगणकांच्या जाळ्याची यंत्रे सांभाळतो. चौथ्याला या सगळ्याची रचना कागदावर मांडता येते, सेवा कंपन्यांचे करार वाचता येतात आणि सरकारी नियम ठाऊक असतात. चारही कामे उत्तम जाणणारा माणूस क्वचित सापडतो, आणि सापडला तरी ऐंशी एक्स्टेंशनच्या कारखान्यात तो फार काळ टिकत नाही, कारण त्याला रोज पुरेल एवढे काम तिथे नसते.

म्हणून जाहिरात देण्यापूर्वी दोन आठवडे एक नोंदवही ठेवावी. कोणत्या एक्स्टेंशनची तक्रार आली, इंटरनेट किती वाजता बंद पडले आणि किती वेळाने सुरू झाले, दुरुस्तीसाठी कोणाला बोलावले, त्याने काय केले, हे सारे तिच्यात लिहावे. त्याचबरोबर सेवा कंपनीकडून गेल्या तीन महिन्यांचे कॉलचे तपशील मागवावेत आणि दिवसातल्या सर्वांत गर्दीच्या तासात बाहेरचे किती कॉल होतात व ते सरासरी किती मिनिटे चालतात, हे काढावे. समजा, गर्दीच्या तासात शंभर कॉल होतात आणि प्रत्येक कॉल सरासरी तीन मिनिटांचा आहे, तर लाइनवरचा भार तीनशे मिनिटांचा, म्हणजे ५ अर्लांग (एक अर्लांग म्हणजे एक लाइन सलग तासभर व्यापलेली) इतका होतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ अर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या सूत्राने पाहिले, तर शंभरांतला एखादाच कॉल लाइन न मिळाल्यामुळे अडावा, अशा बेताने एवढ्या भाराला ११ लाइन पुरतात. पीआरआय म्हणजे अनेक कॉल एकदम नेणारी डिजिटल लाइन. अशा एका लाइनवर ३० वाहिन्या असतात. तीन मिनिटांच्या सरासरीने आणि याच बेताने ती तासाला सुमारे चारशे कॉल पेलते. तेव्हा गर्दीच्या तासातले कॉल न विचारता जो माणूस दोन पीआरआय किंवा साठ वाहिन्यांची एसआयपी ट्रंक (इंटरनेटच्या पद्धतीने कॉल नेणारी जोडणी) सुचवतो, तो विक्रीचे काम करत आहे असे समजावे. विक्री करणे गैर नाही, पण त्या कामाचा मोबदला सल्ला म्हणून आपण देऊ नये.

आपल्यासारख्या उद्योगासाठी माझे मत स्पष्ट आहे. पूर्ण वेळ दूरसंचार अभियंत्याची आपल्याला गरज नाही. आपल्याकडे संगणक सांभाळणारा जो कर्मचारी आहे त्याला रोजची कामे शिकवावीत : एक्स्टेंशन बदलणे, पॅच पॅनेलवर (केबलींची टोके एकत्र येतात त्या पट्टीवर) जोडणी हलवणे, सेवा कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपणे. रचना, निविदा, करार आणि मोठा बिघाड यांसाठी बाहेरचा अनुभवी तज्ज्ञ वार्षिक करारावर घ्यावा. पूर्ण वेळ माणसाचा खर्च रात्रंदिवस चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयाला, कॉल सेंटरला किंवा अनेक शाखांच्या पतसंस्थेला परवडतो, कारण तिथे बिघाडाचा प्रत्येक तास थेट नुकसानीचा असतो.

व्हेंडरने सुचवलेल्या माणसाबद्दल एवढेच सांगतो की, यंत्रणा विकणारा आणि ती यंत्रणा ठीक आहे की नाही हे तपासणारा, हे दोघे वेगळे असावेत. त्या गृहस्थांची योग्यता मी नाकारत नाही. परंतु सल्ल्याची फी वेगळी ठरवून द्यावी, गरजेचे तपशील त्यांच्याकडून लिहून घ्यावेत आणि त्या कागदावर किमान तीन कोटेशन अशा लोकांकडून मागवावीत, ज्यांच्याशी त्यांचा व्यवहार नाही. सामग्रीवर कमिशन घेणार नाही, असे त्यांनी करारात लिहून द्यावे. एखाद्या तज्ज्ञाने हे लिहून देण्यास खळखळ केली, तर त्याला नेमू नये.

चाकण आणि सातपूर जोडण्याच्या बाबतीत दोन गोष्टी नेमायच्या तज्ज्ञाला अवश्य विचाराव्यात. पहिली नियमाची आहे. आपल्याच दोन युनिटांमधले अंतर्गत बोलणे आपल्या खासगी जाळ्यातून नेणे वेगळे, आणि बाहेरच्या माणसाचा कॉल त्या जाळ्यातून नेऊन परवानाधारक कंपनीला चुकवत दुसऱ्या शहरात उतरवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला टोल बायपास म्हणतात व तो बेकायदा आहे. 'बिल वाचवून देतो' असे सांगत ही सोय करून देणारा माणूस आपल्याला खटल्यात अडकवेल. दुसरी गोष्ट लीज लाइनच्या, म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेल्या जोडणीच्या, हमीची. करारात ९९.५ टक्के उपलब्धता लिहिलेली असते आणि ती ऐकायला चांगली वाटते, पण तीस दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ साडेतीन तासांहून अधिक काळ लाइन बंद राहिली तरी कंपनी दोषी ठरत नाही. ९९.९ टक्के असेल तर ही मुभा सुमारे ४३ मिनिटांवर येते. शिवाय दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या आणि दोन्हींचे फायबर एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून आले, तर रस्त्याच्या कामातला एक जेसीबी दोन्ही तोडतो. औद्योगिक वसाहतीत हे वारंवार घडते. तज्ज्ञाने प्रत्यक्ष रस्त्यावर चालत जाऊन दोन्हींचे मार्ग पाहिले पाहिजेत आणि आपल्याला नकाशा काढून दिला पाहिजे.

प्रश्न : सांगली परिसरातील एका रुग्णालयाचे व्यवस्थापन मी पाहतो. आम्हाला पूर्ण वेळ माणूस हवा आहे हे ठरले आहे. अर्जही आले आहेत. अडचण अशी की, मुलाखत घेणाऱ्या आम्हा तिघांपैकी कोणालाही हा विषय कळत नाही. उमेदवाराची पारख कशी करावी?

उत्तर : प्रमाणपत्रांचा विषय आधी संपवू. इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची पदविका किंवा पदवी असावी. जाळ्याच्या कामासाठी सीसीएनए (सिस्को कंपनीचे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र) असल्यास उत्तम, पण ते तीन वर्षांपुरतेच वैध असते, म्हणून तारीख पाहावी आणि ते खरे आहे की नाही हे देणाऱ्या कंपनीकडून ऑनलाइन पडताळून घ्यावे. यापलीकडे कागद आपल्याला फारसे काही सांगणार नाहीत.

खरी पारख उमेदवाराला आपल्या इमारतीत फिरवून होते. त्याला दीड तास द्या, रॅकची (जाळ्याची यंत्रे बसवलेल्या कपाटाची) खोली, गच्ची, तळघर, अतिदक्षता विभाग आणि स्वागतकक्ष दाखवा आणि परत आल्यावर त्याने काय पाहिले ते एका पानावर मराठीत लिहून मागा. चांगल्या माणसाच्या नजरेला काही गोष्टी आपोआप पडतात. रॅकमधल्या केबलींवर खुणा आहेत की नाहीत, यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हा बसवल्या, अर्थिंग कुठे आहे, विजेच्या जाड केबलीला चिकटून डेटाची केबल नेली आहे का, हे तो न सांगता पाहील. कॅट सिक्सची तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंतच चालते, हे त्याला ठाऊक असते. म्हणून शंभर मीटरपलीकडे असलेल्या वसतिगृहात इंटरनेट का अडखळते, याचे उत्तर तो जागेवर अंदाजाने देऊ शकेल आणि दोन इमारतींमध्ये फायबर घालावे असे सुचवेल. आपल्या भागात वळवाच्या पावसात विजा फार पडतात, आणि दोन इमारतींमधल्या तांब्याच्या तारेतून तो झटका दोन्हीकडची यंत्रे जाळतो. फायबरमध्ये धातू नसेल तर हा धोका राहत नाही.

त्यानंतर तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे आपल्याला तपासता यावीत म्हणून तीही देतो.

पहिला प्रश्न असा : आयपी फोनवर एका बाजूचा आवाज ऐकू येतो, दुसऱ्या बाजूचा येत नाही. कुठे पाहाल? फोन बदलून पाहू, असे उत्तर आले तर उमेदवार कच्चा आहे. कॉल लावण्याचे संदेश एका मार्गाने जातात आणि आवाजाची पाकिटे वेगळ्या पोर्टवरून जातात. ती बहुधा फायरवॉलमध्ये किंवा राउटरच्या पत्ताबदलात अडकतात. जाणकार तिथूनच सुरुवात करतो आणि राउटरमधली एसआयपी एएलजी ही कॉलच्या संदेशांत फेरफार करणारी सोय चालू आहे का, असे विचारतो.

दुसरा : एकाच वेळी तीस जण बाहेर बोलत असतील, तर इंटरनेटवर किती भार येईल? नेहमीच्या जी ७११ पद्धतीत आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात आणि पाकिटांची वेष्टने धरून हा आकडा सुमारे ८७ पर्यंत जातो. तीस कॉलना दोन्ही दिशांनी प्रत्येकी अडीच ते तीन मेगाबिट पुरतात. आकडा पाठ नसला तरी हरकत नाही, हिशेबाची रीत आली पाहिजे. उमेदवाराने 'कोणता कोडेक (आवाज अंकांत बदलण्याची पद्धत) वापरता?' असे उलट विचारले तर ते फार चांगले लक्षण आहे. भार एवढा कमी असूनही आवाज तुटतो, तेव्हा दोष वेगाचा नसून विलंबाचा आणि आवाजाला प्राधान्य न दिल्याचा असतो. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

तिसरा प्रश्न रुग्णालयापुरताच आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो : वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही आणि यूपीएसही संपला, तर अतिदक्षता विभागातून डॉक्टरांना कसे बोलावले जाईल? याचे उत्तर यंत्राच्या नावाने सुरू होऊ नये. मोजक्या ठिकाणी ईपीएबीएक्सला वळसा घालून थेट बाहेरची लाइन ठेवणे, ठरावीक मोबाइल नेहमी चार्ज ठेवणे, क्रमांकांचा कागद परिचारिकांच्या टेबलावर चिकटवणे, दर महिन्याला याची रंगीत तालीम घेणे, अशा क्रमाने ज्याचा विचार जातो, तो माणूस रुग्णालयाचा आहे. आयपी फोन जाळ्याच्या स्विचकडून वीज घेतात, त्यामुळे स्विच बंद पडला की मजल्यावरचे सगळे फोन मुके होतात, हेही त्याने आपणहून सांगायला हवे.

नियमांपैकी दोन त्याला माहीत असावेत. रुग्णांना अपॉइंटमेंटचे एसएमएस पाठवायचे, तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१८ च्या विनियमानुसार संस्थेची, प्रेषकनामाची आणि मजकुराच्या नमुन्याची डीएलटी या व्यावसायिक संदेशांच्या नोंदणी व्यवस्थेवर नोंद लागते. ही नोंदणी एजन्सीच्या नावावर नसून रुग्णालयाच्या नावावर असावी. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते व यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. रुग्णांची माहिती हाताळणाऱ्या संस्थेत हे 'नंतर बघू' म्हणण्याजोगे नाही.

प्रश्न : आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आहेत. आमच्या साताऱ्यातील शाळा आणि महाविद्यालयाच्या संकुलासाठी त्यांना नेमावे असे काही विश्वस्त म्हणतात. तरुण विश्वस्तांना ते जुन्या काळातले वाटतात.

उत्तर : २०१९ च्या योजनेत बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते एकदम सेवेबाहेर पडले. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्यात असे अनुभवी लोक आहेत आणि त्यांच्या ज्ञानाचा आपल्या संस्थांनी पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही, याची मला मनापासून खंत वाटते. जमिनीखालच्या केबलीचा दोष कुठे आहे हे मोजून शोधणे, अर्थिंग, बॅटऱ्यांची निगा, एमडीएफवरची (सगळ्या लाइन जिथे जोडल्या जातात त्या मुख्य चौकटीवरची) शिस्त, बिघाडाची नोंद ठेवणे, या कामांत त्यांच्याइतका मुरलेला हात आज दुर्मीळ आहे.

मात्र ते कोणत्या शाखेत होते, हे आदराने पण नेमकेपणाने विचारावे. बाहेरचे जाळे सांभाळणारे, एक्स्चेंजमध्ये स्विचिंग पाहणारे आणि ट्रान्समिशनमधले, या तिघांचे अनुभव फार वेगळे आहेत. ट्रान्समिशनमधल्या माणसाला फायबर आणि ओटीडीआर (फायबरमधला दोष शोधणारे यंत्र) नवे नसतात. वायफाय आणि फायरवॉल त्यांनी हाताळले नसतील, तर त्यासाठी एखादा तरुण तंत्रज्ञ सोबत द्यावा आणि देखरेख त्यांच्याकडे ठेवावी. शाळेत मुलांचे इंटरनेट आणि कार्यालयाचे हिशेब एकाच जाळ्यात असू नयेत, एवढी एक अट दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगावी. या जोडीमुळे दोन्ही गटांतील विश्वस्तांचे समाधान व्हायला हरकत नाही.

प्रश्न : भिवंडीत आमचे गोदाम आहे. पत्र्याच्या छताखाली मोबाइलला रेंज मिळत नाही. नेमणुकीसाठी आलेल्या एका तंत्रज्ञाने सिग्नल बूस्टर बसवून देतो, असे सांगितले. ऑनलाइन असे बूस्टर मिळतातही. त्याला कामावर घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. मोबाइलचा सिग्नल वाढवणारे रिपीटर खासगी माणसाला स्वतः बसवता येत नाहीत. परवानगीशिवाय बिनतारी उपकरण बाळगण्यावरचे निर्बंध १९३३ च्या कायद्यापासून आहेत आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानेही ते सोडलेले नाहीत. एखादी वस्तू ऑनलाइन विकत मिळते, यावरून ती लावायला परवानगी आहे असे ठरत नाही. वॉकीटॉकीच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय चालतात, बाकीच्यांना परवाना लागतो, आणि दुकानदार हा फरक सांगेलच असे नाही.

बूस्टरचा दुष्परिणाम आपल्या गोदामापुरता राहत नाही. स्वस्त रिपीटर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवून टॉवरकडे परत पाठवतो, त्यामुळे त्या टॉवरवरच्या शेकडो लोकांचे कॉल तुटतात. मग कंपनीची तक्रार जाते आणि दूरसंचार विभागाचे अधिकारी दिशादर्शक यंत्र घेऊन थेट आपल्या दारात येतात.

योग्य तंत्रज्ञ आधी वायफाय कॉलिंगचा मार्ग सांगेल. गोदामात वायफायचे बिंदू नीट जागी लावले, तर ही सोय असलेल्या मोबाइलवरून बाहेरचे कॉल त्यावरूनच होतात. भारतात ती २०१९ च्या अखेरीपासून उपलब्ध आहे आणि तिच्यासाठी बहुधा वेगळे पैसेही पडत नाहीत. तेवढ्याने भागले नाही, तर मोबाइल कंपनीकडे लेखी मागणी करून इमारतीच्या आतली त्यांची अधिकृत यंत्रणा मागावी. रॅकची उंची आणि त्यावरचा माल यांनी वायफायचा सिग्नल अडतो, म्हणून गोदाम रिकामे असताना केलेली तपासणी मान्य करू नये.

प्रश्न : गोव्यात म्हापशाजवळ आमचे छोटे हॉटेल आहे. इंटरकॉम आणि वायफाय पाहणारा तंत्रज्ञ पाच महिन्यांपूर्वी काम सोडून गेला. कोणताही पासवर्ड आमच्याकडे नाही. गेल्या बिलात मध्यरात्रीनंतर परदेशात लागलेले अनेक कॉल दिसत आहेत, पण त्या रात्री बहुतेक खोल्या रिकाम्या होत्या. नव्या माणसाची जाहिरात दिली आहे. तोवर काय करावे?

उत्तर : नव्या माणसाची वाट पाहू नये. आजच सेवा कंपनीला लेखी कळवून सर्व लाइनवरची आंतरराष्ट्रीय कॉलची सोय बंद करून घ्यावी, आणि हे कॉल आपण केलेले नाहीत, अशी बिलाविषयीची हरकतही त्याच पत्रात नोंदवावी. कंपनीकडे आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या जुन्या तंत्रज्ञाच्या नावावर असल्यास तोही आजच काढून घ्यावा.

आपण वर्णन केलेला प्रकार जगभर घडतो. रात्रीच्या वेळी बाहेरून कोणीतरी ईपीएबीएक्समध्ये शिरतो आणि त्यातून परदेशातल्या महाग क्रमांकांना कॉल लावतो. त्या क्रमांकांच्या कमाईत त्याचा वाटा असतो. शिरण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत : बाहेरून फोन करून आतली लाइन घेण्याची डीआयएसए ही सोय, व्हॉइसमेलचा कारखान्यातून आलेला मूळ पिन, दुरुस्तीसाठी उघडी ठेवलेली दूरवरची जोडणी, आणि यंत्र आयपीवर चालत असेल तर इंटरनेटला थेट उघडे असलेले ५०६० क्रमांकाचे पोर्ट. यांपैकी कोणतीही वाट अनोळखी माणसाला सापडू शकते. त्यामुळे गेलेल्या तंत्रज्ञावर पुराव्याशिवाय संशय घेऊ नये, आणि त्याच्याशी बोलताना सूर मैत्रीचा ठेवावा, कारण पासवर्ड त्याच्याकडून मिळाले तर आपले काम कितीतरी सोपे होईल. रक्कम मोठी असेल तर सायबर पोलिसांकडे तक्रार करावी.

पासवर्ड मिळालेच नाहीत, तर यंत्र मूळ स्थितीत आणावे लागते आणि त्यात खोल्यांच्या क्रमांकांपासून सकाळी उठवण्याच्या कॉलपर्यंत सारे प्रोग्रॅमिंग पुसले जाते. म्हणून ते काम अधिकृत सेवा केंद्राकडूनच, पाहुणे कमी असलेल्या दिवशी करून घ्यावे. घाईत येईल त्याला यंत्र उघडू देऊ नये.

आता नेमणुकीचा भाग. नव्या माणसाच्या करारात काही गोष्टी पहिल्याच पानावर असाव्यात. सर्व यंत्रांचे मुख्य पासवर्ड मोहोरबंद पाकिटात मालकाकडे राहतील, बदलले की त्याच दिवशी पाकीट बदलेल. यंत्राच्या प्रोग्रॅमिंगची प्रत दर महिन्याला काढून हॉटेलच्या ताब्यात दिली जाईल. जोडण्यांचा नकाशा पूर्ण करून दिल्याशिवाय शेवटचा दहा टक्के मोबदला दिला जाणार नाही. काम सोडण्यापूर्वी महिनाभराची सूचना आणि दुसऱ्या माणसाला समजावून देण्याचे चार दिवस बंधनकारक राहतील. हे अविश्वासाचे लक्षण आहे असे प्रामाणिक तंत्रज्ञाला वाटत नाही, उलट पुढे काही गडबड झाली तर तोही त्यामुळे सुरक्षित राहतो.

क्रमांकांची मालकी हा स्वतंत्र विषय आहे आणि हॉटेलवाल्यांनी तो फार गांभीर्याने घ्यावा. मोबाइल क्रमांक कंपनी बदलूनही कायम ठेवण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे, लँडलाइनला ती नाही. फलकांवर, जुन्या पाहुण्यांच्या डायऱ्यांत आणि प्रवास कंपन्यांकडे आपला जो लँडलाइन क्रमांक आहे, तो सेवा कंपनी बदलताच जातो. तेव्हा 'स्वस्त पडेल' म्हणून नवा माणूस लाइन बदलण्याचे सुचवील, तर जुना क्रमांक निदान वर्षभर चालू ठेवण्याचा खर्च त्या हिशेबात धरावा. टोल फ्री क्रमांक, मोबाइल सिम आणि इंटरनेटची खाती हॉटेलच्याच नावावर असावीत. व्यवसायाच्या नावावर सिम घेताना ते प्रत्यक्ष वापरणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ओळख पडताळण्याचा नियम २०२३ मध्ये आला, आणि कर्मचारी सोडून गेला की त्याच्या नावाची नोंद बदलून घेणे हे या माणसाच्या कामाच्या यादीत लिहावे.

प्रश्न : इचलकरंजीत आमचा बावीस कामगारांचा कापड उद्योग आहे. मी आणि माझ्या जाऊबाई तो चालवतो. शेजारच्या गावातील एका मुलीने नुकतीच ई अँड टीसीची (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची) पदविका घेतली आहे आणि तिला काम हवे आहे. अनुभव शून्य आहे. तिला घेणे शहाणपणाचे होईल का?

उत्तर : अवश्य घ्यावे, पण मोठ्या जबाबदारीवर एकटी सोडू नये. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ खाली चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे ऐच्छिक आहे, म्हणजे आपण त्यात बसता. पदविकाधारकांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. पश्चिम विभागाचे काम मुंबईतील शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळ पाहते. नोंदणी ऑनलाइन होते आणि मुलीने तिची नोंद आधी केलेली असावी लागते.

पहिल्या तीन महिन्यांत तिच्याकडून एकच काम पूर्ण करून घ्यावे : आपल्या शेडमधली प्रत्येक केबल कुठून निघते आणि कुठे पोहोचते याचा नकाशा, प्रत्येक टोकाला खुणेची चिठ्ठी, आणि प्रत्येक लाइनची मासिक बिले एका वहीत. असे केल्यावर वापरात नसलेल्या पण बिल भरत असलेल्या लाइन बहुतेक ठिकाणी सापडतात. यंत्रमागांच्या मोटारी आणि त्यांची विजेची वायरिंग यांच्यापासून डेटाची केबल किती दूर न्यावी, कापसाचे तंतू रॅकमध्ये साचू नयेत म्हणून काय करावे, हे तिला पुस्तकात मिळालेले नसेल. त्यासाठी एखाद्या अनुभवी तंत्रज्ञाची महिन्यातून एक भेट ठरवून द्यावी आणि त्या भेटीत काम तिनेच करावे, त्यांनी पाहावे, अशी अट ठेवावी. शेडमध्ये शिडीवर चढून काम करावे लागेल, तर सोबत एक माणूस आणि सुरक्षा पट्टा द्यावा. रात्रपाळीला बिघाड झाला तर तिला बोलावले जाईल का, तिच्या येण्याजाण्याची सोय कोण करील, हे तिच्या घरच्यांशीही पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने बोलून नेमणूकपत्रात लिहावे.